नाशिकचं चटईचं मैदान

चि. मुकुल आणि चि. नीरा,

तुमच्या गावातलं बेसबॉलचं जुनं मैदान आता नव्यानं बांधणार आहेत. तुमच्या बाबांनी म्हणे एकाच आठवड्यात दोन सह्या केल्या, एक पाडकामाविरुद्धच्या अर्जावर आणि दुसरी नव्या गादीच्या खुर्चीच्या आगाऊ नोंदणीवर. आईच्या पत्राखाली मुकुलनं मला विचारलं आहे, तिकडे लोक मैदानासाठी भांडतात का? बेसबॉल मी पाहिलेला नाही. आमच्या मिशनच्या शाळेत मुलींना राउंडर्स शिकवत, परकर खोचून खुंट्यांमधून पळायचं असे, त्यावरून मी अंदाज करते. भांडणाचा मात्र अंदाज करावा लागत नाही. गेल्या महिन्यात मी पुण्याहून नाशिकला जाऊन एक भांडण पाहून आले. डायरीत टिपलेलं क्रमानं लिहिते. क्रिकेटचं काही अडलं तर बाबांना विचारा, माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं, असं ते समजतात.

गुरुवार

स्टँडवर बापू न्यायला आला होता. बापू म्हणजे माझा धाकटा भाऊ, तुमचे बापूआजोबा. वय अडुसष्ट, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला. कान मफलरनं बांधलेले आणि काखेत गुंडाळी केलेला नकाशा. माझी पिशवी त्यानं रिक्षावाल्याकडे दिली, नकाशा मात्र मांडीवर ठेवला.

पुण्यात थंडी सकाळी येते आणि दहाला जाते. नाशिकला ती मुक्कामाला असते. शरयूनं, म्हणजे बापूच्या बायकोनं, बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि पातीचा कांदा असं ताट वाढलं. आमच्याकडे भरतात दही घालतात, इथे शेंगदाण्याचा कूट आणि कच्चं तेल. मी दोनदा घेतलं, हे माझ्या डॉक्टरांना कळवू नका.

जेवणानंतर बापूनं नकाशा पसरला. गंगापूर रोडच्या बाजूला, कालव्याच्या अलीकडे त्यांच्या मंडळाचं मैदान आहे. गावात सगळे त्याला चटईचं मैदान म्हणतात, कारण तिथे गवताच्या खेळपट्टीवर नाही, मातीवर काथ्याची चटई अंथरून खेळतात. परवाच्या जूनमध्ये आपण विश्वचषक जिंकलो आणि ज्यांना बॅट कुठून धरायची ते माहीत नव्हतं तेही क्रिकेटसाठी पैसे द्यायला पुढे आले. आता चटई जाऊन गवताची खेळपट्टी येणार, भोवती भिंत, आणि नदीच्या अंगाला सिमेंटच्या पायऱ्यांचा मंडप. त्या मंडपाला बापूचं नाव द्यायचं ठरलं होतं. रविवारी सामन्यानंतरच्या सभेत ठराव व्हायचा होता.

कारण असं: बापू तिशीत असताना मालेगावच्या नावाजलेल्या संघाचे दहापैकी नऊ गडी त्यानं एका डावात बाद केले होते. हे मला माहीत आहे कारण शरयू ते प्रत्येक लग्नात सांगते, मुलीकडच्यांना आणि मुलाकडच्यांनाही.

शुक्रवार

सकाळी बापूबरोबर मिसळ खायला गेले. दुकानात पाच टेबलं आणि दोन पक्ष होते. बापूला पाहताच दोन्हीकडून सरकून जागा झाली.

एका पक्षाचं म्हणणं, चटई ही नाशिकची ओळख आहे. पुण्यामुंबईचे भलेभले इथे येऊन म्हणतात की तुमच्याकडे चेंडू फार लवकर येतो. इथली माती, कालव्याचं पाणी, चटईचा काथ्या, हे सगळं जमून आलेलं आहे, ते उखडलं की गेलं. एक निवृत्त पोस्टमास्तर मला म्हणाले, "गवतावर न्यायला ही पोरं काय गुरं आहेत?" दुसऱ्या पक्षाचा म्होरक्या सोनवणे. हा बापूचा जुना विद्यार्थी, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कारकून, राहतो बौद्ध वस्तीतल्या कॉलनीत, आणि बारा वर्षं मंडळाचा गुणलेखक आहे. त्याचा धाकटा भाऊ जिल्ह्याच्या संघात निवडला गेला होता. बाहेरगावी गवतावर पहिल्याच सामन्यात त्यानं चेंडू पोचायच्या आधी बॅट फिरवली आणि त्रिफळा उडाला. दुसऱ्या सामन्यातही तेच. पुन्हा कोणी बोलावलं नाही.

"घाबरला, दुसरं काय," सोनवणे म्हणाला. "मी त्याला तसं तोंडावर सांगितलं, तर सहा महिने माझ्या घरी पाणी प्यायला नाही. पण सर, पोरांना इथेच गवताची सवय झाली असती तर?"

पोस्टमास्तर म्हणाले की घाबरटाला गवत काय आणि गालिचा काय. सोनवणेनं त्यांच्या वाटीत आपली तर्री ओतली आणि म्हणाला, घ्या, जरा तोंड पोळू द्या. यावर दोन्ही पक्ष हसले. वादाची इथली ही रीत मला आवडली. पुण्यात असा वाद झाला की माणसं वर्तमानपत्राला पत्र लिहितात.

गंमत अशी की उठताना पोस्टमास्तरांनी बापूला हळूच विचारलं, नव्या मंडपात पाठ टेकायला काही असेल का? त्यांच्या कमरेत चमक भरते.

तिथून मैदानावर. लाल मातीचा पट्टा, त्याच्या कडेला पत्र्याची गुणलेखनाची खोली, आणि खोलीत गुंडाळून उभी केलेली चटई. एका बाजूला शेताचा बांध आहे. त्या बांधावर बायका बसून गजऱ्यांसाठी फुलं ओवत होत्या. त्यांच्यातली थोरली सगुणाबाई. शेवंती, भाजी, काकडी असं त्यांचं शेत आहे. बांध चढताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. तिनं काही न विचारता चप्पल ओढून घेतली आणि केळीच्या सोपटानं बांधून दिली. पुण्याला पोचेपर्यंत ती टिकली.

मी विचारलं, नवं मैदान होणार याचं काय वाटतं? ती म्हणाली, "आमाला हितून फुकट दिसतं. आता भित येनार. मंग तिकीट काढायचं आन आपल्याच शेताकडं पाठ करून बसायचं."

म्हणजे नको का?

"नको कशी म्हनू? बायांसाठी संडास काढनार हायेत म्हनं. सकाळी बसल्या बाया, सांजच्याला उठायच्या. तुमीच सांगा."

सगुणाबाईला धावसंख्या आठवत नाही, सामने आठवतात, आणि ते पिकावरून. बापूच्या नऊ गड्यांचा सामना विचारला तर ती लगेच म्हणाली, तवा खालच्या वावरात काकडी व्हती, माझं नवीन लगीन, आन मास्तर पळत आले की धोतराचा सोगा दातात धरायचे. बापू लाजला. धोतरावर गोलंदाजी केल्याचं तो कोणाला सांगत नाही.

शनिवार

मुख्य गोष्ट या दिवसाची आहे.

नव्या कामाच्या इंजिनिअरनं निरोप पाठवला होता की सध्याच्या यष्ट्यांची भोकं कुठे आहेत ते मोजून नकाशावर टाकून हवं. बापू म्हणाला, गणिताचा मास्तर असताना दुसऱ्याला कशाला सांगायचं? फितीचं एक टोक मी धरलं. मी गुणलेखनाच्या खोलीच्या बाजूला, तो नदीच्या बाजूला.

क्रिकेटमध्ये दोन्ही टोकांच्या यष्ट्यांमधलं अंतर बावीस यार्ड असतं. म्हणजे सहासष्ट फूट. हे जगात सगळीकडे सारखं.

बापूनं फीत वाचली आणि म्हणाला, ताई, तुझं टोक सरकलं. सरकलं नव्हतं. पुन्हा मोजलं. मग आम्ही जागा बदलल्या. तिसऱ्यांदाही त्रेसष्ट फूटच भरले.

तो तिथेच उकिडवा बसला. मला वाटलं चक्कर आली. मग त्यानं जे सांगितलं ते असं.

मंडळानं पहिली चटई मुंबईच्या एका जिमखान्याकडून जुनी विकत घेतली होती. तिच्याबरोबर एक नियम आला होता: चटई अंथरायची आणि दोन्ही टोकांना एक-एक बॅट आडवी टाकून तिच्या लांबीएवढं अंतर सोडून यष्ट्या रोवायच्या. म्हणजे बरोबर सहासष्ट फूट. काही वर्षांनी नदीकडचं टोक झिजून सुटू लागलं. गोलंदाजाचा पाय त्यात अडकायचा, आणि पडला तो बापूच. त्यानंच ताडपत्री शिवणाऱ्याकडे नेऊन तेवढा यार्डभर तुकडा कापवला आणि कडा शिवून घेतली. चटई परत आली, पसरली, नियमाप्रमाणे बॅट टाकली, आणि बॅट संपली तिथे बापूनंच नवी भोकं पाडली. पुढे ती चटई फाटली. मग शिंपी मापाचं पोलकं मागतो तसं जुनी चटई पसरून तिच्यावरून नवी कापली. अशा तीन चटया झाल्या. फीत कोणी काढली नाही. चटई असताना फीत कशाला?

"आणि नऊ गडी?" मी विचारलं.

"त्याच हिवाळ्यात," तो म्हणाला.

तुम्हाला यातलं कळलं का, मुलांनो? नाशिकच्या मैदानावर चेंडू लवकर येतो याचं कारण माती नव्हती, कालवा नव्हता. रस्ता आखूड होता. पाहुण्यांना तयारीला वेळ मिळत नसे. आणि इथली मुलं बाहेर गेली की त्यांना तीन फूट जास्तीचे भेटत, मग ती चेंडू यायच्या आधीच बॅट फिरवत.

घरी आल्यावर बापू जेवला नाही. शरयूनं खोदून विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं. ती भाजी निवडत होती, ती निवडतच राहिली. मग म्हणाली की सोमवारी मजूर येऊन सगळं उखडणार आहेत. भोकंही जातील, चटईही जाईल. नकाशावर सहासष्ट लिहा. नवी खेळपट्टी सहासष्टच होणार आहे, मग खोटं ते काय? चाळीस वर्षांत कोणाला कळलं नाही ते एका दिवसासाठी कशाला कळवायचं? आणि माझ्याकडे वळून, "वन्सं, तुम्ही तरी सांगा ह्यांना. उद्या नाव लागायचंय."

खरं सांगायचं तर तिचं म्हणणं मला अगदीच चुकीचं वाटलं नाही. बापूनं फसवलं नव्हतं. मालेगावनं गोलंदाजी केली तेव्हा त्यांनाही एकवीसच यार्ड मिळाले होते. पण एक फरक होता. आजवर त्याला माहीत नव्हतं, आता माहीत होतं, आणि रविवारी त्याच चटईवर शेवटचा सामना होता, मालेगावशीच.

बापूनं विचारलं, "ताई, तू काय करशील?"

मी म्हटलं, "मी फीत धरली होती. मला कोणी विचारलं तर आकडा सांगेन. कोणी विचारलं नाही तर सांगणार नाही. मैदान तुझं आहे."

थोरल्या बहिणीनं याहून उबदार काही बोलायला हवं होतं, असं मला नंतर वाटलं. पण नंतर वाटून उपयोग नसतो.

रविवार

मैदान भरलं होतं. मालेगावच्या संघाबरोबर निकमदादा नावाचे एक गृहस्थ आले होते, वय बापूएवढंच, कापसाचे व्यापारी. बापूच्या नऊ गड्यांतले ते एक. इथला रिवाज असा की सामन्याच्या दिवशी दोन्ही संघ आणि बघे एकाच भांड्यातली खिचडी खातात. चुली पेटल्या होत्या. मंडळाचे चिटणीस वकीलसाहेब नव्या कोटात फिरत होते.

चटई आली, पसरली, खिळे ठोकले. सोनवणेनं सवयीनं बॅट आडवी टाकली. एवढ्यात बापू मधे गेला. मी आणि शरयू बांधावर सगुणाबाईजवळ बसलो होतो, तिथून शब्द ऐकू येत होते.

"सोनवणे, थांब. नदीकडच्या यष्ट्या तीन फूट मागे घे."

"का हो, सर?"

"खेळपट्टी एकवीस यार्डांची आहे. चटई मी कापली तेव्हापासून."

सोनवणेला तो विनोद वाटला. बापूनं खिशातून फीत काढून त्याच्या हातात दिली. मग माणसं जमली आणि मोजणी झाली, एकदा मंडळाची, एकदा मालेगावची. दोन्हींचा आकडा आमचाच आला.

पोस्टमास्तरांनी आधी फितीला दोष दिला. काही तरुण हसले. कोणीतरी मागून म्हणालं, आता पुणेकरांना हरवल्याचे पेढे परत मागतील. वकीलसाहेब बापूला बाजूला घेऊन म्हणाले, "बापूसाहेब, हे सभेनंतर बोलला असतात तर?"

"सभेनंतर सामना संपलेला असता," बापू म्हणाला.

सोनवणे फीत हातात धरून उभाच होता. तो बापूच्या जवळ आला, आणि गर्दी होती तरी त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. "सर, मी त्याला घाबरट म्हटलं. सख्ख्या भावाला. तो घाबरला नव्हता."

"नाही," बापू म्हणाला. "त्याला मीच तसं शिकवलं होतं. चेंडू लवकर येतो म्हणून."

यानंतर हसणं थांबलं. सोनवणेनं फीत खाली ठेवली आणि सायकल घेऊन मैदानाबाहेर गेला. बारा वर्षांत पहिल्यांदा गुणलेखकाची खुर्ची रिकामी राहिली. शेवटी वही माझ्याकडे आली. माझं अक्षर चांगलं आहे, एवढीच पात्रता.

निकमदादा मात्र खुशीत होते. ते प्रत्येकाला धरून सांगत होते, "मी तवाच सांगितलं व्हतं, या चटईमा काहीतरी शे. घरनी मंडळी म्हणे, तुमना डोळामा शे." (तिकडे 'आहे'ला 'शे' म्हणतात.) मग ते बापूला म्हणाले, मास्तर, आता बावीसवरून एक टाका मला, देणं चुकतं करा.

बापूनं धोतर नेसलं नव्हतं, पायजमा होता. चार पावलं पळाला. चेंडू त्याच्या हाताला पाठ असलेल्या जागी पडला, म्हणजे फलंदाजापासून यार्डभर अलीकडे. निकमदादांनी वाट पाहिली, पुरेशी वाट पाहिली, आणि तो बांधाकडे मारला. सगुणाबाईनं फुलांची पाटी उचलून बाजूला केली. दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि खरा सामना सुरू झाला. नाशिक हरलं. वही माझ्याकडे असल्यामुळे किती धावांनी ते मला माहीत आहे, पण लिहीत नाही.

सभा खिचडीनंतर झाली. नव्या मैदानाचं काम ठरलेलंच होतं, त्याचा रीतसर ठराव एकमतानं मंजूर झाला. चटईवाल्या पक्षानंही हात वर केले. त्यांचा अभिमान ज्या मातीवर उभा होता तीच सरकली होती, असं पोस्टमास्तर मला म्हणाले. ते फार हळू बोलले. मंडपाच्या नावाचा ठराव वाचताना वकीलसाहेबांनी चष्मा पुसला आणि तो पुढच्या सभेपर्यंत तहकूब केला. कोणी हरकत घेतली नाही. निकमदादा पाहुणे होते, त्यांना बोलायचा अधिकार नव्हता, तरी ते उठून म्हणाले की नाव लावा, खाली एकवीस यार्ड लिहा, बाद तर आम्ही झालोच होतो. ते टिपणात आलं नाही.

घरी येताना शरयू दोघांशीही बोलली नाही. बापू पोटभर जेवला.

सोमवार

सकाळी सोनवणे आला. रात्री तो भावाकडे जेवून आला होता. एवढंच सांगून आणि चहा घेऊन तो कामावर गेला. जाताना बापूच्या पायांना हात लावला, तेव्हा बापूनं पाय मागे घेतले.

मला सोडायला दोघंही स्टँडवर आले. शरयू अजून घुश्श्यातच होती, पण मी एकटी चाललेय म्हटल्यावर तिनं माझ्या शेजारच्या बाईशी खिडकीतून ओळख काढली. बाई सिन्नरची होती, मांडीवर मेथीच्या जुड्यांचं गाठोडं. आमच्या वन्सं आहेत, त्यांना पाणी लागलं तर बघा, असं सांगून झालं. मग सवयीनं तिचा हात बापूकडे गेला. मला वाटलं, आता ती नुसतं 'हे आमचे' म्हणून थांबेल.

"हे आमचे," ती म्हणाली. "ह्यांनी मालेगावचे नऊ गडी बाद केले होते. एकवीस यार्डांवरून."

त्या बाईनं क्रिकेट कधी पाहिलं नसावं. तिनं बापूकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "येवढ्या लांबून? बाई बाई."

गाडी सुटेपर्यंत बापू खिडकीपाशी उभा होता. ह्या वेळी त्यानं दुरुस्ती केली नाही.

तुमची,
आजी